पॅकिंग

फडकं अडकलं. नुसतं पुसायचं म्हणून मास्तरांनी बोनेट वर करून इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेने फडकं फिरवलं होतं, ते मागच्या कोपऱ्यात कशाला तरी धरलं गेलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. काल दुपारी त्या झाकणाखाली नवं पॅकिंग बसवलं होतं, आणि आता तिथून सीलंटची, फटी बुजवायच्या गोंदाची, एक राखाडी कड बाहेर आली होती. रबरासारखी, वाळलेली, पेन्सिलीएवढी जाड. फडक्याचा एक दोरा तिच्यात रुतून बसला होता. काल ओली असताना ती एवढी दिसली नव्हती. किंवा दिसली असेल, आणि काम मन लावून केल्याची खूण म्हणून बरीच वाटली असेल. अंगठा कडेवरून पुढून मागे नेला, मागून पुढे आणला. कुठेही खंड नव्हता. चारी बाजूंनी सारखीच. ‘बाहेर जेवढं दिसतं ना मास्तर, तेवढंच आत गेलेलं असतं.’ गॅरेजवाल्या मिस्त्रीचा आवाज इतका जवळून आला, की त्यांनी मान वळवून पाहिलं. मागे भिंत होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा होती, आणि तो माणूस पोट आत ओढून घेणारा हवा होता.

दुकानाच्या पावतीवर ज्याला गॅस्केट लिहितात त्याला मिस्त्री पॅकिंग म्हणायचा, म्हणून मास्तरही तेच म्हणत. दोन धातूंची तोंडं कितीही घट्ट आवळली तरी मध्ये केसाएवढी फट राहतेच, आणि तेल ती शोधून काढतं. म्हणून मध्ये एक मऊ पट्टी घालायची. दोघांनी तिला थोडं थोडं दाबायचं, म्हणजे दोघांचाही मान राहतो. एवढंच ते शास्त्र. शाळा सुटल्यावर मास्तर मिस्त्रीच्या गॅरेजात पालथ्या डब्यावर बसत आणि त्याला डब्यांवरची नावं वाचायला शिकवत. बदल्यात मिस्त्री त्यांना बोल्ट आवळायला शिकवी. मधून बाहेर, आडवे-तिडवे, एकाला पूर्ण आवळून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नाही. आणि रबरी पॅकिंग कोरडं बसवायचं. तोंडं साफ असली की झालं. सीलंट फक्त मागच्या दोन कोपऱ्यांत, जिथे गोलाई संपून सपाटी सुरू होते, तिथे वाटाण्याएवढं. बाकी कुठे नाही. मास्तरांनी एकदा विचारलं होतं, जरा सगळीकडे लावलं तर बिघडलं कुठे? मिस्त्री हसला होता. ‘मास्तर, त्या ट्यूबमधून गोंद येत नाही, शंका येते. ज्याला जेवढी शंका, तेवढी ट्यूब रिकामी.’ काल काम संपलं तेव्हा ट्यूब शेपटापासून तोंडापर्यंत गुंडाळलेली होती. ती आताही खोक्यात पडली होती, गोगलगायीसारखी वळून.

“बाबा, झालं का पॅकिंग?” वरच्या गॅलरीतून बारकीने विचारलं. ती एकतीस वर्षांची होती आणि बापापेक्षा चार बोटं उंच, तरी घरात तिचं नाव बारकीच राहिलं होतं.

“झालं,” मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की तो गेला.

“त्यांचं कालच झालंय. तुझं झालं का ते सांग,” आतून बायकोचा आवाज आला. “दोन दिवस घरात दोन-दोन पॅकिंगं चाललीत. एकाचं तेल सांडतंय, दुसऱ्याच्या पिशव्या. मला मेलीला चहाचा कप सापडत नाहीये.”

“कप मी घेतलेत, आई. दोनच.”

“घे हो घे. आम्ही ओंजळीनं पिऊ.”

बारकी हसली आणि आत गेली. साडेआठ वाजले होते. साडेदहाला ती निघणार होती. सहा तासांचा रस्ता, मध्ये एक लांबच लांब चढ. मास्तरांनी बोनेटच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि मुलांना गणित सोडवायला सांगत तसं स्वतःला सांगितलं, एकेक पायरी. सीलंट आत गेलं असणार. आत गरम तेल उडतं. तेलात भिजून सीलंटची कड हळूहळू सुटते, एखादा तुकडा गळून पडतो, तेलाबरोबर खाली तळाशी जातो. तळाशी गाळणी असते. तुकडा गाळणीवर बसला की तेल वर चढत नाही. मग फार वेळ लागत नाही. भर रस्त्यात, चढावर, मागे मालट्रक असताना इंजिन जाम होतं. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की काहीच होत नाही. तुकडा पाच वर्षं सुटत नाही, किंवा सुटून एखाद्या कोपऱ्यात निमूट पडून राहतो. दोन्ही उत्तरं बरोबर असलेलं गणित त्यांनी कधी कुठल्या वर्गाला घातलं नव्हतं.

झाकण उघडून पाहणं एवढाच उपाय होता. उघडायचं, खरवडायचं, पुसायचं. पण सीलंटने धरलेलं पॅकिंग उघडताना फाटतं, आणि फाटलं की नवं आणायचं, ते इथे मिळत नाही. हेच सांगून ठेवून चार दिवसांनी आलं होतं. म्हणजे गाडी आज जात नाही. म्हणजे वर जाऊन बारकीला सांगायचं, की पॅकिंगचा घोटाळा झालाय, गाडी आज जाणार नाही. हे वाक्य मास्तरांनी मनात नीट जुळवलं आणि ते तिथेच अडले. कारण हे वाक्य त्यांनी एकदा म्हटलेलं होतं. जवळजवळ शब्दन् शब्द. याच जागी उभं राहून, चार वर्षांपूर्वी.

तेव्हाही अशीच सकाळ होती. बारकी दातांच्या कवळ्या बनवायचं काम शिकून तयार झाली होती, आणि दूरच्या मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. बॅगा दाराशी उभ्या होत्या. मास्तर तिच्याआधी खाली आले होते, तेलपाणी बघायला. खरंच तेलपाणीच बघायला. मग त्यांचा हात ठिणगी नेणाऱ्या त्या जाड काळ्या वायरवर गेला आणि हाताने ती अर्धा इंच वर ओढली. पूर्ण काढली नाही. बघणाऱ्याला जागच्या जागी वाटावी इतपत. हे कुणी केलं, असा प्रश्न त्यांना नंतर कितीतरी वेळा पडे, जणू तो हात वर्गातल्या कुठल्या मुलाचा होता आणि उभं राहा म्हटल्यावर कोणीच उभं राहत नव्हतं. गाडी सुरू झाली नाही. बारकीने चार वेळा चावी फिरवली. तोंडाला पहिलं आलं ते मास्तर बोलले, “हेडचं पॅकिंग गेलंय. गाडी आज जाणार नाही.” खोट्याला खऱ्याचे कपडे घालायचे म्हणजे शिवणकाम फार. त्यांना इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागलं. आठ दिवस वर्तमानपत्रावर नट, बोल्ट, झडपा ओळीने मांडून ते बसून राहिले, चांगलं असलेलं पॅकिंग फेकून नवं बसवलं, आणि येणारा-जाणारा म्हणे, मास्तर, काय तुमची चिकाटी! तिसऱ्या दिवशी दुपारी वरून कपाटाचा आवाज आला, मग हँगरचे, एकामागून एक. बारकी कपडे परत लावत होती. त्या आवाजाने त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटणं अजून त्यांच्या मानेवर बसलेलं होतं.

जवळच्याच एका दातांच्या दवाखान्यात तिने काम धरलं. पण त्यानंतर गाडी न्यायची असली, की ती आधी बोनेट वर करी, आणि अंगठ्याने ती काळी वायर दाबी. लहान मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावावं तशी, न बघता. टक असा आवाज येई. मग बोनेट खाली. चार वर्षांत एकदाही तिने ते चुकवलं नाही आणि एकदाही त्याबद्दल शब्द काढला नाही. मास्तर गॅलरीत उभे असले तर तो टक त्यांना वर ऐकू येई. आपण विचारावं, काय गं, काय बघतेस? की तिने विचारावं? दोघांच्या मध्ये ते एवढं मऊ, दाबलेलं, घट्ट काहीतरी बसलं होतं आणि थेंबही बाहेर येत नव्हता.

म्हणून तर या वेळी त्यांनी गाडी स्वतःहून देऊ केली होती. तिला पुन्हा दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं, तेव्हा ती म्हणाली होती, सामान काय, मागवून घेईन. मास्तर म्हणाले, छे, गाडी ने. तुझीच समज. नेहमी गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवावा लागे, कारण झाकणातून तेल ठिबके; ते म्हणाले, पॅकिंग बदलून देतो, एक थेंब पडला तर नाव बदलीन. आणि काल ट्यूब हातात घेतल्यावर, दोन कोपऱ्यांत वाटाण्याएवढं लावून झाल्यावर, त्यांना वाटलं, रस्ता लांबचा आहे. मग कडेकडेने एक रेघ ओढली. मग वाटलं, चढ आहे. मग तिच्यावर आणखी एक. बायको एकदा म्हणाली होती, “तुम्ही कुलूप लावून तीनदा ओढता, म्हणून चौथ्यांदा ते हातात येतं.” त्यावर ते हसले होते. आता अंगठ्याने कड चाचपताना त्यांना एकदम शंका आली, आणि ही शंका मिस्त्रीच्या ट्यूबमधल्या शंकेहून वेगळी होती. काल हे अज्ञानाने झालं? हस्तव्यवसायाच्या तासाला तीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते, गोंद कमी. गोंद दिसला की चूक दिसली. ज्याला एवढं माहीत आहे त्याचा हात दुसरी रेघ ओढतो, तेव्हा तो नक्की काय चिकटवत असतो? तो हात पुन्हा उभा राहिला नव्हता. खाली मान घालून बसलेल्या सगळ्या मुलांत तो एक होता.

पहिलीत असताना बारकी त्यांच्याच वर्गात होती. पुठ्ठ्याची डबी करायची होती. तिने कोपरापर्यंत गोंद माखून घेतला आणि डबीला झाकणासकट चारी बाजूंनी चिकटवून टाकलं. मग रडायला लागली. आत काय आहे? तर तिचा पडलेला दात. सुरक्षित राहावा म्हणून. मास्तरांनी तिला मांडीवर घेतलं नाही, वर्गात ती इतरांसारखीच होती. पण बाकाशी उकिडवं बसून त्यांनी ब्लेडची बोथट बाजू कडेकडेने फिरवली, मुळीच घाई केली नाही, आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, बघा रे, जे उघडतं त्याला झाकण म्हणायचं. जे उघडत नाही ते झाकण नाही, ती भिंत. मुलं एका सुरात ओरडली होती, “भिंत!”

पिशव्या खाली यायला लागल्या. आधी बायको आली, दोन उशा आणि एक चिडचिडा आवाज घेऊन. “डिकी उघडा. असे काय उभे आहात पाहुण्यासारखे?” मास्तरांनी डिकी उघडली. त्यांना भिंत आणि गाडी यांच्यातून आडवं सरकत यावं लागलं आणि शर्टाचं बटण आरशाला अडकलं. मग बारकी आली. तिच्या हातात तिच्या हत्यारांची पेटी होती. घासणी, कोरण्या, ठसा घ्यायच्या वाट्या. तिने ती पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला पेटीला, माणसाला लावावा तसा. मग ती पुढे गेली. मास्तरांना माहीत होतं ती कुठे जातेय. बोनेट उघडंच होतं. तिने अंगठा वायरवर ठेवला. टक.

“बारके,” मास्तर म्हणाले.

“अं?”

“गाडी आज नको नेऊस.”

तिने अंगठा उचलला नाही. बायकोच्या हातातली उशी अर्ध्यात थांबली. कुणाच्या तरी घरातून नळाचा आवाज येत होता.

“पॅकिंगला सीलंट जास्त झालंय माझ्याकडून. बाहेर आलंय बघ, म्हणजे आतही गेलंय. तुकडा सुटला तर गाळणीत बसेल. रस्त्यात इंजिन जाम होईल. होईलच असं नाही. पण होईल.” आपण फार भरभर बोलतोय हे त्यांना ऐकू येत होतं. खोटं बोलणारी मुलं अशीच बोलतात, आणि खरं बोलणारीही. “मी उघडून दाखवतो. दहा मिनिटांचं काम आहे. आठ बोल्ट. तू स्वतः बघ.”

ते पाना घ्यायला वाकले. दहा नंबरचा पाना खोक्यात वरच होता तरी त्यांना सापडेना.

“उघडू नका, बाबा.”

“अगं पण बघ तरी...”

“मला नाही बघायचं. आत असलं तरी मी जाणार, नसलं तरी जाणार.” ती चिडलेली नव्हती. तिने बोनेट हळूच खाली केलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. “आई, पिशव्या काढ. बसने जाते. साडेअकराची आहे.”

“बस?” मास्तर म्हणाले. दोन दिवसांत, चार वर्षांत, हा शब्द त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. जाणं म्हणजे गाडीचं जाणं. गाडी थांबली की जाणं थांबलं. त्यांनी सगळी फट बुजवली होती आणि शेजारी दार उघडं होतं.

“त्या वेळीही बस होती की, बाबा,” बारकी म्हणाली. पेटीचा पट्टा सोडताना तिची पाठ त्यांच्याकडे होती. “वायर मला त्याच दिवशी दिसली होती. दाबली असती तर निघाले असते. मलाच निघवत नव्हतं. भीती वाटत होती. तुम्ही ओढून ठेवलीत, मला बरं वाटलं.” ती वळली. “मग दर वेळी दाबून बघायचे. तुमची परीक्षा नव्हती ती, माझी होती.”

मास्तर तेलाचे हात फडक्याला पुसत राहिले. बायकोने एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे आठ दिवस मी घरात एकेक बोल्ट चुकवत केर काढत होते, ते तुम्हा दोघांच्या गमतीसाठी? बापलेक दोघं एका माळेचे मणी. चला, रिक्षा बघा कुणीतरी.” तिचा आवाज मधेच फाटला, म्हणून तिने उशी तोंडाशी धरली आणि तशीच जिना चढून गेली.

रिक्षात पेटी आणि दोन पिशव्या मावल्या. बाकी राहू दे म्हणाली. जाताना ती नमस्काराला वाकली, तेव्हा मास्तरांनी हात मागे घेतले, तिच्या शर्टाला डाग पडेल म्हणून. नंतर त्यांना वाटलं, पडू द्यायला हवा होता.

दुपारी त्यांनी झाकण उघडलं. आठही बोल्ट निघाले तरी ते उठेना. लाकडाचा ठोकळा लावून कडेकडेने ठोकावं लागलं. उठलं तेव्हा आतून ओठ सोडवल्यासारखा आवाज आला. पॅकिंग मात्र फाटलं नाही. उलटं करून पाहिलं. होतं. आत सगळीकडे होतं. राखाडी अळ्यांसारखं, लोंबणारं, आणि मागच्या कोपऱ्यात एक तुकडा असा टांगलेला, की बोट लावलं आणि तो तळहातावर पडला. शेंगदाण्याएवढा. त्याच्या एका बाजूला झाकणाच्या आतल्या कडेचा ठसा उमटला होता, बारीक, नेमका; बारकी जबड्याचा ठसा घेते त्याहून नीट. मास्तरांनी फोन काढून त्याचा फोटो घेतला. तळहात, तुकडा, मागे उघडं इंजिन. तिच्या नावावर बोट ठेवलं. आपण खरं बोललो होतो, हे इतकं स्वच्छ, इतकं जवळून त्यांना कधीच दाखवता आलं नव्हतं. ते बराच वेळ तसे उभे होते, एक खांदा भिंतीला लागलेला. मग त्यांनी फोटो पुसून टाकला. घरी नसलेल्या माणसाला पुरावा दाखवून काय, त्याने माघारी यायचं?

सगळं खरवडलं. फडक्याने, मग बोटाने, मग कोरड्या फडक्याने. गाडी कालपासून सुरू केलीच नव्हती, म्हणून गाळणीपर्यंत काही गेलं नव्हतं. पॅकिंग खोबणीत कोरडं बसवलं. दोन कोपऱ्यांत वाटाण्याएवढं लावायला वळलेल्या ट्यूबमधून जेमतेम तेवढंच निघालं. बोल्ट मधून बाहेर, आडवे-तिडवे. सीलंटने धरायला हवा तेवढा वेळ थांबायचं ठरवून ते पालथ्या बादलीवर बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता थांबायला कितीही वेळ आहे. बायको चहा घेऊन खाली आली. कपाला कान नव्हता. “उरलेल्यातला आहे,” ती म्हणाली. “झालं का पॅकिंग?”

“झालं.”

“मग?”

मास्तरांनी कप घेतला. तिने गाडीखालचा पुठ्ठा पायाने सरळ केला आणि वर गेली.

फोन वाजला तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. बारकी पोचली होती. बस बरी होती. खोली बरी होती, फक्त कोंदट होती. “खिडकी उघडत नाहीये, बाबा. रंग देताना चौकटीसकट रंगवून टाकलीय. चिकटून बसलीय पार. गदमदतंय नुसतं.”

मास्तर उठून उभे राहिले. “जोर लावू नकोस. काच तडकेल. तुझी ती पातळ कोरणी आहे ना, बोथट?”

“आहे.”

“ती घे. खालच्या कोपऱ्यापासून सुरू कर. आत खुपसायची नाही. नुसती रंगाच्या रेघेवरून फिरव. एकदा. मग परत तिथूनच. घाई नाही.”

पलीकडून कागद घासल्यासारखा आवाज येऊ लागला. मास्तरांनी फोन कानाला घट्ट धरला. त्यांचा मोकळा हात आपोआप झाकणाच्या कडेवरून फिरत होता, मागून पुढे. कड कोरडी होती. कुठेच काही अडकत नव्हतं.

“एक बाजू झाली.”

“आता वरची. हात दुखला तर थांब.”

“नाही दुखत.”

“चारी बाजू सुटल्या की मग तळवा मध्ये ठेव, आणि ढकल. मारायचं नाही. ढकलायचं.”

बराच वेळ नुसती ती खरखर होती. मग ती थांबली. एक श्वास. मग लाकूड लाकडापासून सुटल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ रस्ता आला. हॉर्न, कुणाची तरी हाक, एक मोटरसायकल, वारा. त्यात बारकीचा आवाज बुडून गेला. ती काहीतरी म्हणत होती, ऐकू येत नव्हतं. मास्तर गाडी आणि भिंत यांच्यामध्ये उभे होते, पोट आत ओढून, आणि तिकडचा वारा त्यांच्या कानात शिरत होता.

“ऐकू येतंय, येतंय,” ते म्हणाले. “उघडीच ठेव.”